दहा बाय बाराच्या खोलीतला खरा आवाज

"हा माहा आवाज नाही जी," काटोलजवळच्या एका खेड्यातले भजनी काका मोबाइल कानापासून दूर धरत म्हणाले. तीन रात्री जागून मी त्यांच्या मंडळाची आठ भजनं रेकॉर्ड केली होती आणि पुढचा आठवडाभर त्यांचं मिक्सिंग केलं होतं. माझ्या खोलीतल्या स्पीकरवर आवाज भरदार होता, खंजेरीची थाप ठसठशीत होती. मोबाइलवर मात्र तोच गळा पोकळ झाला होता, नाकातून गायल्यासारखा. गाण्यात खोट नव्हती, माइकही बरा होता. चूक माझ्या ऐकण्यात होती. मी खुर्ची मागच्या भिंतीला टेकवून बसत होतो. भिंतीपाशी खर्ज फुगतो, तो मला जास्त वाटला आणि मी तो कापत गेलो. खोलीने वाढवलेलं मी गाण्यातून काढून टाकलं. खोलीबाहेर पडताच काकांच्या आवाजाचा पायाच नाहीसा झाला.

तेव्हापासून मी या एका प्रश्नाच्या मागे लागलो. लहान खोलीत, कमी पैशात, कोणते मॉनिटर स्पीकर घ्यावेत? काटोल, नरखेड, सावनेर, वरूड या पट्ट्यात हा प्रश्न आता वरचेवर कानावर येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरीने या भागाला भजनाची गोडी लावली आणि गावोगावची मंडळं ती टिकवून आहेत. नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं गावातल्या गायकाला आपला आवाज नीट मुद्रित करायचा तर नागपूरच गाठावं लागे. आज एक लॅपटॉप, दोन माइकचा इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक एवढ्यावर काम सुरू होतं. मुलाने अभ्यासाची खोली रिकामी केली की तिथेच स्टुडिओ उभा राहतो. माइकवर लोक विचार करून खर्च करतात. स्पीकरच्या वेळी मात्र घरातलं होम थिएटर पुढे येतं, नाहीतर लग्नात वाजणारा डीजेचा डबा.

होम थिएटरचं काम ऐकणाऱ्याला खूश करायचं असतं. त्यात खालचा बास आणि वरची चमक मुद्दाम वाढवलेली असते. त्यावर गाणं गोड वाटतं आणि काय बिघडलंय ते कळत नाही. मॉनिटरचं काम याच्या उलट आहे. खर्जापासून तारेपर्यंत शक्य तितका सारखा आवाज द्यायचा, श्वास, थुंकीचा चटका, हार्मोनियमच्या भात्याची खरखर लपवायची नाही. आजचे बहुतेक मॉनिटर 'अ‍ॅक्टिव्ह' असतात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या पोटातच असतो. त्यातल्या बऱ्याचशांत वूफरला वेगळा आणि ट्विटरला वेगळा अ‍ॅम्प असतो. बाहेरून अहुजाचा अ‍ॅम्प आणून जोडायची गरज उरत नाही आणि जोडूही नये.

या क्षेत्रातला सर्वांत प्रसिद्ध स्पीकर घरगुती वापरासाठी जन्मला होता, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. यामाहाने १९७८ मध्ये एनएस-१० बाजारात आणला तो दिवाणखान्यात गाणी ऐकणाऱ्यांसाठी. तिथे तो फारसा कुणाला आवडला नाही. आवाज टोकदार, मधल्या पट्टीत चढा, खाली बास जवळजवळ नाहीच. पण स्टुडिओतल्या लोकांना त्यात एक गुण सापडला. त्यावर गाणं चांगलं वाजलं तर ते कुठेही चांगलं वाजे. ट्विटरची तीव्रता सहन होईना म्हणून अनेकांनी त्यावर टिश्यू पेपर चिकटवला आणि वापर चालूच ठेवला. पुढे यामाहाने १९८७ मध्ये त्याची खास स्टुडिओ आवृत्ती काढली. पांढऱ्या कोनासाठी लागणारा लगदा मिळेनासा झाला आणि २००१ मध्ये उत्पादन थांबलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये साउदॅम्पटन विद्यापीठातल्या मोजमापांच्या आधारे एक शोधनिबंध आला आणि त्याने या लोकप्रियतेचं कारण दाखवलं. एनएस-१० ची पेटी बंद आहे, तिला हवेचं भोक नाही. त्यामुळे थाप पडली की आवाज येतो आणि लगेच थांबतो, मागे रेंगाळत नाही. खंजेरी, ढोलकी, टाळ ज्यांना मिसळायचे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. बासचा आकडा मोठा असणं वेगळं आणि थापेनंतर स्पीकर वेळेवर थांबणं वेगळं.

आज यामाहाच्या एचएस मालिकेतही पांढरा कोन दिसतो. अनेकजण तो पाहून 'तोच जुना स्पीकर' म्हणून घेतात. एचएस चांगला आहे, त्यावर पुढे लिहितोच, पण त्याच्या पाठीला हवेचं भोक आहे आणि आतली रचनाही निराळी आहे. पांढरा रंग एवढंच काय ते साम्य.

आता खोलीकडे वळू, कारण खरा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे खोली बांधताना दहा बाय दहा किंवा दहा बाय बारा ही मापं सवयीची आहेत आणि स्लॅबही साधारण दहा फुटांवर पडतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज पुढे-मागे आपटतो आणि एका ठरावीक कंप्रतेला खोली स्वतःच गाऊ लागते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर दहा फुटांच्या अंतराला ही कंप्रता ५६ हर्ट्झच्या आसपास येते आणि तिची दुप्पट ११२. बारा फुटांना ती ४७. म्हणजे दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली तिन्ही दिशांनी एकाच ५६ वर आणि एकाच ११२ वर घुमते. चौकोनी ठोकळ्यासारखी खोली स्टुडिओला सर्वांत वाईट म्हणतात ते यासाठी.

हे आकडे गायकाच्या भाषेत मांडून पाहू. पांढरी दोन हा सा धरून गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम ११० हर्ट्झला येतो, म्हणजे दहा फुटांच्या खोलीच्या ११२ ला जवळजवळ चिकटून. काका मंद्रात पंचमावर आले की ती खोली त्यांच्याबरोबर गाऊ लागते आणि शेजारचा धैवत किंवा मध्यम मात्र तितका भरत नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्याला वाटतं, काकांचा तेवढा एकच स्वर जड आहे. तो इक्वलायझरने त्या स्वराला खोल खड्डा पाडतो. खोलीबाहेर तेवढाच स्वर उपाशी पडतो. सहा हजारांचा स्पीकर असो वा साठ हजारांचा, खोली तीच असेल तर हीच फसगत होणार.

बसायची जागाही तितकीच निर्णायक आहे. खोलीच्या बरोबर मधोमध बसलं की ५६ हर्ट्झ जवळजवळ गायब होतो आणि ११२ फुगतो. मागच्या भिंतीला टेकलं की सगळाच खर्ज फुगतो, माझं झालं तसं. जगभरच्या स्टुडिओवाल्यांचा एक अंदाज उपयोगी पडतो. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर, पुढच्या भिंतीपासून मोजून, डोकं आणायचं. बारा फुटांच्या खोलीत हे अंतर साडेचार फूट येतं. स्पीकर आखूड भिंतीशी ठेवायचे, म्हणजे आवाज खोलीच्या लांबीकडे जाईल. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्विटर कानाच्या उंचीला यावा. डाव्या-उजव्या भिंती दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर हव्यात. एका बाजूला उघडं दार आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट असेल तर गायक मधून सरकून एका कानाकडे जातो.

स्पीकरमागच्या भिंतीचंही एक गणित आहे. कोनपासून मागे गेलेला आवाज भिंतीला आपटून परत येतो आणि एका कंप्रतेला मूळ आवाजाला मारतो. भिंत दोन फुटांवर असेल तर हा खड्डा १४० हर्ट्झच्या आसपास पडतो, एक फुटावर असेल तर २८० च्या आसपास. १४० म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सा. लहान खोलीत स्पीकर भिंतीपासून खूप दूर नेणं शक्य नसतं, म्हणून दोन-तीन फुटांवर अर्धवट ठेवण्यापेक्षा तो भिंतीजवळ न्यावा आणि पाठीवरच्या स्विचने बास थोडा कमी करावा. पाठीला भोक असेल तर चार बोटं तरी जागा सोडावी. काही मॉनिटरांचं भोक पुढे असतं. लहान खोलीत भिंतीजवळ ठेवायला ते सोयीचे पडतात, पण भोक पुढे आहे म्हणून भिंतीचं गणित संपत नाही.

आकाराविषयी माझं मत आता पक्कं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच इंची वूफर पुरे. आठ इंची वूफर खाली ४० हर्ट्झपर्यंत ताकदीने वाजतो आणि खोलीला घुमायला नेमकं तेच हवं असतं. खोली जितकी बेसुरी, तितकं तिला कमी खर्ज देणं शहाणपणाचं. तीन-चार इंची स्पीकरवर भजन, पोवाडा, लावणी, बातमी, पुस्तकवाचन हे सगळं नीट मिसळता येतं, कारण गळा, हार्मोनियम, खंजेरी यांचा जीव मधल्या पट्टीत असतो. लग्नाची डीजे गाणी आणि इलेक्ट्रॉनिक बास हेच ज्यांचं मुख्य काम आहे, त्यांनी मात्र मोठ्या खोलीचा विचार करावा. आधी मोठी खोली, मग मोठा वूफर.

बाजारात पाहिलं तर पहिला गट जोडीला दहा ते पंधरा हजारांच्या आसपास सुरू होतो. एडिफायर एमआर४ आणि प्रीसोनसचा एरिस ३.५ हे त्यातले सहज मिळणारे. एमआर४ ला चार इंची वूफर आहे, एरिसला साडेतीन इंची. दोन्ही जोडीनेच विकले जातात. एका डब्यात दोघांचा अ‍ॅम्प असतो आणि दुसरा डबा त्याला वायरीने जोडायचा. टेबलावर, हातभर अंतरावर, कमी आवाजात काम करणाऱ्याला हे पुष्कळ आहेत. एरिसचा आकडा ८० हर्ट्झपासून सुरू होतो. म्हणजे खाली काय चाललंय ते कळणार नाही, पण जे कळेल ते बरंचसं खरं असेल. नवशिक्याला मी यातलाच एक घ्यायला सांगतो. आयके मल्टिमीडियाचा आयलाउड मायक्रो मॉनिटर याहून महाग आहे. तीनच इंची वूफर असूनही तो आतल्या संगणकीय दुरुस्तीमुळे आकाराच्या मानाने आश्चर्य वाटावं इतका खाली उतरतो. त्याच्या पाठीवर टेबलासाठी वेगळा स्विच आहे. टेबलावर ठेवलेल्या कुठल्याही स्पीकरचा आवाज लाकडावरून परतून गढूळ होतो, त्यावर तो थोडा इलाज आहे.

दुसरा गट पाच इंची. यात जोडीचा खर्च साधारण पंचवीस ते चाळीस हजारांपर्यंत जातो. इथे एक सावधगिरी हवी. हे स्पीकर बहुधा एकेक विकले जातात आणि लिहिलेली किंमत एकाची असते. माझ्या ओळखीच्या एका मुलाने जोडी समजून पैसे भरले आणि घरी एकच खोका आला.

यामाहा एचएस५ हा या गटातला सर्वांत सरळ बोलणारा. ४५ वॅटचा अ‍ॅम्प वूफरला, २५ चा ट्विटरला. मधली पट्टी इतकी उघडी आहे की गायकाच्या 'स'कारातला काटा लगेच टोचतो. खोक्यावर ५४ हर्ट्झ लिहिलेलं असतं, पण तो आकडा आवाज १० डेसिबलने पडल्यानंतरचा आहे, म्हणजे कानाला जवळजवळ निम्मा झाल्यावरचा. खरा आधार ७४ हर्ट्झपर्यंतच. असे आकडे कुणाचेही वाचताना किती डेसिबल घसरणीचा आकडा आहे ते पाहावं, नाहीतर दोन स्पीकरांची तुलना फसते. त्याच्या पाठीवरच्या रूम कंट्रोल स्विचने ५०० हर्ट्झखालचा भाग २ किंवा ४ डेसिबलने उतरवता येतो. भिंतीजवळ ठेवणाऱ्याने तो वापरावाच.

जेबीएलचा ३०५पी मार्क टू २०१८ चा. ट्विटरभोवतीच्या खोलगट भागामुळे आवाज दोन्ही बाजूंना सारखा पसरतो. डोकं थोडं हललं तरी चित्र बिघडत नाही आणि शेजारी बसलेल्या गायकालाही जवळपास तेच ऐकू येतं. मंडळासोबत बसून मिक्सिंग करणाऱ्याला ही मोठी सोय आहे. खर्ज एचएस५ पेक्षा जास्त, म्हणून खोलीचं काम केलेलं हवं. अ‍ॅडमचा टी५व्ही रिबनच्या जातीच्या ट्विटरमुळे टाळांचा नाद सुटा-सुटा दाखवतो. टाळ-झांजांची गर्दी मिसळताना त्याचा फार उपयोग होतो. केआरकेचा रोकिट पिवळ्या कोनमुळे ओळखू येतो, भोक पुढे. त्याचा कल जरा बासकडे, तो पसंत करणारे बहुतेक ताल आणि बीटवाले. जेबीएलमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी सुरू केलेल्या काली ऑडिओचा एलपी-६ साडेसहा इंची आहे, भोक पुढे, आणि पाठीवरच्या लहान स्विचांच्या बाजूला कोणता स्विच भिंतीजवळ, कोणता टेबलावर हे चित्रांनी दाखवलेलं आहे. बाराहून लांब खोलीला तो चांगला. कोलकात्याच्या सोनोडाईननेही स्टुडिओ मॉनिटर बनवले आहेत. मिळाले तर ऐकून पाहावेत, भारतीय बनावटीची दुरुस्ती सोपी पडते.

भजनासाठी मला यातून एकच निवडायचा झाला तर एचएस५ घेईन. तो कुणाला खूश करत नाही आणि गळ्याच्या बाबतीत खोटं बोलत नाही.

पण तीस-पस्तीस हजार एका जोडीत घालण्याआधी खोलीत कापूस आणावा. आपण कापसाच्या मुलखात राहतो. गाद्या भरणारा प्रत्येक बाजारपेठेत आहे आणि ध्वनिशोषणाला जाड, सैल भरलेला कापूस खरोखर चालतो. चार ते सहा इंच जाडीच्या, दोन बाय चार फुटांच्या गाद्या लाकडी चौकटीत भरून घ्याव्यात. भिंतीला चिकटवण्याऐवजी चार बोटं मोकळी सोडून टांगल्या तर त्या आणखी खालचा आवाज खातात. पहिल्या दोन कुठे लावायच्या हे आरशाने ठरवावं. खुर्चीवर बसावं आणि कुणीतरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसला, तिथे गादी. छतालाही तसंच. उरलेल्या जाड गाद्या मागच्या कोपऱ्यांत जमिनीपासून वरपर्यंत उभ्या कराव्यात, कारण खर्ज कोपऱ्यांत साठतो. कापूस पेट घेतो, म्हणून वायरिंग, बोर्ड, उदबत्ती यांच्यापासून तो लांबच हवा. ज्यांना भीती वाटते त्यांनी ४८ घनतेचं रॉकवूल कापडात बांधून घ्यावं, ते जळत नाही. ते भरताना मात्र हातमोजे आणि नाकावर रुमाल हवा.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवलेल्या खोल्या मी बऱ्याच पाहिल्या. त्यांनी वरची थोडी चमक जाते आणि खर्ज होता तसाच राहतो. खोली आणखी गढूळ होते. एक इंची फोमचंही तेच. स्पीकरखाली लोखंडी पाइपचे स्टँड गावातल्या वेल्डरकडून करून घ्यावेत आणि पाइपमध्ये कोरडी वाळू भरावी. ते जमेपर्यंत विटांचा थर आणि वर रबराचा तुकडा चालतो. संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांवर स्पीकर ठेवणारेही मला भेटले. पोकळ लाकूड स्वतः वाजू लागतं, त्यामुळे पेट्या नकोत.

आपल्या भागातल्या दोन अडचणी कुठल्या परदेशी पुस्तकात सापडत नाहीत. पहिली कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की कूलरशिवाय खोलीत बसवत नाही आणि कूलरची घरघर नेमका खर्ज आणि बारीक तपशील झाकते. त्या घरघरीत मिक्स केलेल्या गाण्यात बास आणि घुमारा हमखास जास्त पडतो. कूलरच्या ओलाव्याने कंडेन्सर माइकही बिघडतो. उपाय साधा आहे. उन्हाळ्यात पहाटे चार ते सातमध्ये ऐकण्याचं काम उरकावं, तोवर स्लॅबही थोडा निवलेला असतो. त्या शांत वेळीही नागपूर-इटारसी मार्गावरची गाडी गेली की जमिनीतून येणारी गडगड ऐकू येते. रुळाजवळ राहणाऱ्यांनी तेवढा वेळ हात थांबवावा.

दुसरी अडचण वीज. भोंग्याच्या अ‍ॅम्पला चालणारा जुना इन्व्हर्टर मॉनिटरला चालत नाही. त्याची चौकोनी लहर स्पीकरमध्ये बझ म्हणून ऐकू येते. साइन वेव्हचा इन्व्हर्टर हवा. लॅपटॉप, इंटरफेस आणि दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावर घ्यावेत आणि केबल बॅलन्स्ड असाव्यात, म्हणजे तीन संपर्कांचा जॅक किंवा एक्सएलआर. ५० हर्ट्झची भुणभुण बहुतेक वेळा एवढ्याने जाते. भुणभुण जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे कारागीर आहेत. त्यांना तसं करू देऊ नका, त्यात जिवाला धोका आहे. सुरू करताना स्पीकर सर्वांत शेवटी लावावेत आणि बंद करताना सर्वांत आधी, म्हणजे धक्क्याने ट्विटर फाटणार नाही.

आवाज किती ठेवायचा यालाही माप आहे. कान लहान आवाजात खर्ज कमी ऐकतो, मोठ्या आवाजात जास्त. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून रोज एकाच पातळीवर ऐकावं. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी प्रसारणाच्या शिफारशीत दीड हजार घनफुटांहून लहान खोलीसाठी ७६ डेसिबल ही पातळी दिली आहे. दहा बाय बारा बाय दहा म्हणजे १२०० घनफूट, आपली खोली त्यातच बसते. शेजाऱ्याशी जरा आवाज चढवून बोलावं लागेल इतपत ती असते. पातळी एकदा ठरली की बटणावर खूण करून ठेवावी.

हेडफोनला भिंती नसतात, म्हणून खोली बेभरवशाची असेल तर खर्जाची खात्री त्यावर करावी. १९९१ पासून चालत आलेला सोनीचा एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स पुरे. फक्त हेडफोनवर मात्र काम संपवू नये. त्यात डावं-उजवं फार लांब वाटतं आणि घुमारा कमी-जास्त पडतो.

शेवटची परीक्षा खोलीबाहेर होते. आपलं भजन ऐकलं जातं ते मोबाइलवर, ट्रॅक्टरच्या टेपवर आणि मंदिराच्या भोंग्यावर. भोंगा एकाच वाहिनीचा असतो आणि त्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही. म्हणून मिक्स पूर्ण झालं की दोन्ही बाजू एकत्र करून एकाच स्पीकरवर ऐकावं. गळा मागे पडला तर काम अपुरं आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर गीतरामायण प्रसारित झालं. ती ५६ गाणी महाराष्ट्राने ऐकली ती रेडिओच्या एका लहानशा स्पीकरवर. शब्द न् शब्द पोहोचला, कारण गळा नेहमी पुढे होता. दुसऱ्या टोकाला 'सैराट'. त्याच्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण थेट अमेरिकेत सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर झालं आणि तरीही २०१६ मध्ये ते गावोगाव वाजलं मोबाइलवर आणि डीजेवर. श्रोत्याच्या हातातला स्पीकर आपण निवडू शकत नाही, म्हणून आपला स्पीकर खरा हवा.

खरेदीला नागपूरला जाताना पेन ड्राइव्हमध्ये दोन गोष्टी न्याव्यात. ज्याचा गळा तुम्ही रोज समोर ऐकता त्याचं काहीही न केलेलं कच्चं रेकॉर्डिंग आणि तुमच्या पूर्ण ओळखीचं एक गाणं. दुकानदाराचं चकचकीत डेमो गाणं ऐकून ठरवू नका. दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या, जास्त मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी चांगला वाटतो. कच्चा गळा ऐकताना डोळे मिटा. तो माणूस समोर बसलाय असं वाटलं तर तो स्पीकर घ्या. 'वा, किती छान' असं वाटलं तर पुन्हा एकदा ऐका.

पैशाची विभागणी मी अशी करीन. हाताशी तीस हजार असतील तर बारा हजारांची चार इंची जोडी, सात-आठ हजारांचा हेडफोन आणि उरलेले दहा हजार गाद्या, चौकटी, स्टँड आणि केबलींवर. पन्नास हजार असतील तर पाच इंची जोडी घ्या, पण गाद्यांचे दहा हजार तसेच राखा. उघड्या, घुमणाऱ्या खोलीतल्या चाळीस हजारांच्या जोडीपेक्षा गाद्या लावलेल्या खोलीतल्या बारा हजारांच्या जोडीवर मी जास्त विश्वास ठेवतो. दोन्ही करून पाहिल्यावर हे सांगतो आहे.

काकांची आठही भजनं मी पुन्हा मिसळली. कोपऱ्यांत चार गाद्या उभ्या होत्या, खुर्ची पुढच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणि स्पीकर तेच जुने. या वेळी मोबाइल त्यांनी कानापासून दूर धरला नाही, आठही भजनं ऐकली आणि मग एक खंजेरी थोडी मोठी करायला सांगितली.

काटोल तालुक्यात सत्तरी ओलांडलेले असे गायक अजून गावोगाव आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचं एकही नीट रेकॉर्डिंग नाही. ज्यांच्याकडे एक खोली आणि एक माइक आहे, त्यांनी यंदाच्या थंडीत, कूलर बंद असताना, टेप घेऊन आधी खोली मोजावी, चार गाद्या भरून घ्याव्यात आणि आपल्या गावातल्या एका तरी म्हाताऱ्या गायकाला बोलवावं.